मिठाच्या बरणीचं उलटं झाकण

कुसुम,

मिठाच्या बरणीचं झाकण अजून उलटंच आहे. तुझ्या तेरवीच्या आदल्या दिवशी मंदानं ते एकदा सरळ केलं होतं. स्वयंपाकघरात बायकांची गर्दी, कोणाचा हात कुठे लागेल सांगता येत नाही. सगळ्या गेल्यावर मी ते पुन्हा उलटं करून ठेवलं. मंदाला त्यात काय दिसणार? तुझ्यामाझ्याशिवाय कोणालाच काही दिसलं नसतं.

रश्मीनं, आपल्या मंदाच्या मुलीनं, तुझ्या आठवणींची एक लहानशी पुस्तिका काढायचं ठरवलं आहे. प्रत्येकानं एक पान लिहायचं. "मामा, तुम्ही दोन लिहा," म्हणाली. तिच्या आईचं पान सर्वांच्या आधी आलं होतं, ते तिनं मला फोनवर वाचून दाखवलं. वाचताना रडत होती आणि मधेच हसतही होती. पानाचा मथळा आहे, 'आमची डबलमीठ वहिनी'.

"छान आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला. मग बसवेना. गॅलरीत गेलो, आत आलो, बरणीपाशी उभा राहिलो, परत गॅलरीत गेलो. आतापर्यंत ते नाव तोंडातोंडी होतं. लोक म्हणत, हसत, विसरत. एकदा छापलं गेलं की ते राहणार. ज्या पोरांनी तुला पाहिलंही नसेल, तीसुद्धा तुला नणंदेच्या साखरपुड्याच्या भाजीत दोनदा मीठ टाकणारी बाई म्हणून ओळखतील.

तू दोनदा मीठ टाकलं नव्हतंस. दुसऱ्यांदा मी टाकलं होतं.

हे वाक्य मला पंचेचाळीस वर्षांत उच्चारता आलं नाही. आता आधी तुझ्यापुढे लिहितो. मग मंदाला सांगेन, मग रश्मीला देईन. तुला सांगायचं तर तू असताना सांगायचं होतं, हे मला कळतं. पण लिहायला बसलोच आहे, तर सगळं लिहितो. तुझा जन्म, शिक्षण, माहेर-सासर हे रश्मी मागच्या पानावर छापणार आहे. मला फक्त पत्ताकोबीबद्दल लिहायचं आहे.

हिवाळा लागला की कॉटन मार्केटमधून गड्डे मी आणायचे, हे लग्नानंतर पहिल्याच वर्षी ठरून गेलं. मी वजनमापं खात्यातला निरीक्षक. इतवारीतल्या दुकानांचे काटे तपासायचे, वजनांवर मोहर मारायची, हेच माझं काम. त्यामुळे गड्डासुद्धा मी हातावर तोलून घ्यायचो. जड, गोल, घट्ट. तू तो हातात घेऊन उलटासुलटा करायचीस.

"हा भाजीसाठी आणला का तोफेसाठी?"

"जड आहे म्हणजे भरलेला आहे."

"वजन तुमच्या इतवारीत पाहा. मी पानं पाह्यते. जरासा चपटा पाह्यजे, जरासा ढिला. त्याले गोडी राह्यते."

हा वाद आपण कधी मिटवला नाही. या हिवाळ्यातही मी गोलच आणला आणि तू म्हणालीस, "आली तोफ." खरं सांगू का, पहिली काही वर्षं सोडली तर मला तुझं म्हणणं पटलेलं होतं. मी मुद्दाम गोल आणायचो. तुझं ते नाक मुरडणं बघितल्याशिवाय हिवाळा सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही.

आणि त्या जड गोळ्याचं तू जे करायचीस, ते मला आता एकेक आठवतं. विळीवर चिरायला बसलीस की पानं सुतासारखी पडायची. भिजवलेली चणाडाळ, तेलात मोडून टाकलेल्या तुझ्या माहेरच्या भिवापुरी मिरच्या, वरून सांबार, म्हणजे आपली हिरवी कोथिंबीर, बचकभर. गंजावर झाकणी आणि झाकणीत पाणी, म्हणजे भाजी वाफेवर शिजते, करपत नाही. कधी वरून बेसन पेरून कोरडी करायचीस, आणि तळाशी धरलेली खरपुडी माझ्या ताटात यायची. ज्वारीच्या पिठात किसलेली पत्ताकोबी मळून मुटके करायचीस, वाफवून, कापून, तिळाच्या फोडणीत परतून. दुसऱ्या दिवशी ते थंडच खायला मी स्वयंपाकघरात चोरून जायचो आणि तू पाठमोरीच म्हणायचीस, "दोन ठेवा वर्षासाठी, पोरगी शाळेतून आली की मागते." आतला दांडा तू कधी फेकला नाहीस. त्याच्या चकत्या करून, मीठ लावून, जो जवळ असेल त्याच्या हातावर ठेवायचीस. बहुतेक वेळा मीच जवळ असायचो.

तुझे वडील लग्नात मला म्हणाले होते, "जावईबापू, हिच्या हाताले माप आहे. चमचा लागत नाही." वजनमापांच्या माणसाला हे सांगावं, ही त्यांची गंमत होती. पण ते खरंच होतं. तू मीठ चिमटीनं घ्यायचीस, बघायचीसही नाहीस, आणि ते बरोबर असायचं. दीड वर्ष मी ते पाहिलं. त्यानंतर कोणीच पाहिलं नाही.

मंदाच्या साखरपुड्याचा दिवस तुला आठवत होता तो तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूनं असा होता.

चाळीस पानं जेवायची होती. मागच्या पडवीत चूल, तिच्यावर आपला मोठा पितळी गंज. तू सकाळपासून आठ गड्डे चिरले होतेस. पाहुणे ठरल्या वेळेच्या तासभर आधी आले आणि आत मंदानं हट्ट धरला की लुगडं वहिनीच नेसवेल, दुसरं कोणी नको. तू फोडणी दिलीस, कोबी टाकलीस, मीठ टाकलंस, झाकणी ठेवलीस, चुलीतली दोन लाकडं मागे ओढलीस आणि आत गेलीस. हे सगळं तू क्रमानं केलं होतंस. काहीही विसरली नव्हतीस.

आई बैठकीतून हळूच मला म्हणाली, "जा गा, भाजी लागली तर नाही, पाह्य. तिथं कोणी नाही."

मी गेलो. झाकणी उचलली. आत गंजाच्या काठापर्यंत कोबीचा पांढरा-हिरवा ढीग. पान न् पान ताठ. मला वाटलं, हिनं आत्ताच टाकली आणि घाईत मीठ राहिलं. मिठाची बरणी तिथेच, उघडी. आपल्या घरी नैवेद्य दाखवल्याशिवाय काही चाखायचं नाही, हे तर लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्या दिवशी कुलदेवतेचा नैवेद्य होता. तेव्हा चाखून बघायचा प्रश्नच नव्हता. एवढा ढीग, चाळीस माणसं. मी दोन मुठी मीठ टाकलं, लांब दांड्याच्या सराट्यानं हलवलं, झाकणी ठेवली, हात धुतले आणि बैठकीत येऊन बसलो.

पत्ताकोबीचा ढीग फसवा असतो, तो अर्धा हवेचाच असतो, वाफ लागली की पाणी सुटून तो बसतो आणि काठापर्यंतचा गंज तळाला जातो, हे मला माहीत नव्हतं. अख्ख्या इतवारीचे काटे तपासणारा माणूस मी. ढिगाच्या उंचीकडे बघून मीठ टाकलं.

आणि सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला होता. तुला बोलणी बसणार होती, ती मी वाचवली, असं मला वाटत होतं. पाहुणे गेले की तुला सांगायचं, तू हसशील, असं मी मनात ठरवूनही ठेवलं होतं.

मंदाचे होणारे सासरे माझ्या शेजारी बसले होते. पानं मांडली जात असताना त्यांनी विचारलं, "तुमच्या हाताखाली पूर्ण इतवारी तुलते म्हणतात, खरं काय?" मी जरा ताठ बसलो. म्हणालो, "मापात फरक असला की मला नुसत्या नजरेनं कळतं." हे मी बोललो, कुसुम. त्याच तोंडानं. मग नैवेद्य झाला, पंगत बसली, तू भाजी वाढत आलीस, आणि त्यांनी पहिला घास घेतला.

घास गिळला. पाण्याचा पेला उचलला, अर्धा प्यायले, पुन्हा उचलला. त्यांच्यापलीकडे मंदाचा होणारा नवरा. तो मुळातच थट्टेखोर.

"बापा, इकडे मीठ डबल वाढतात काय?"

पंगत हसली. आई आतून आली. तिनं बोटाला लागेल एवढी भाजी तोंडात घातली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ध्यान कुठं होतं वं तुह्यं? पाहुण्यायसमोर नाक कापलं."

तुझ्या हातात वाढायचा डाव होता. तू आधी गंजाकडे बघितलंस, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. ते बघणं मी विसरलेलो नाही. म्हणालीस, "दोनदा पडलं असन, आई. मले आठवत नाही."

बोलायची वेळ तीच होती. वाक्य लहान होतं. पण पुरुषाचा हात भाजीच्या गंजात गेला म्हटल्यावर मला बायल्या म्हटलं असतं, आणि नुकतंच मी नजरेनं माप कळतं म्हणून बसलो होतो. मी दही मागवलं. "दह्यासोबत चांगली लागते," म्हणालो. सगळ्यांना वाटलं, मी तुझी बाजू सांभाळतोय. तुलाही तेच वाटलं. पाहुणे गेल्यावर तू मला म्हणालीस, "तुम्ही सांभाळून घेतलं." त्यानंतर तर सांगणं आणखी अवघड होऊन बसलं.

साखरपुडा मोडला वगैरे नाही. लग्न झालं, मंदा सुखात राहिली. पण जावई घरी आला की दारातूनच ओरडायचा, "डबलमीठ वहिनी आहे काय घरात?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्यापाठोपाठ मंदा म्हणू लागली, मग तिची पोरं डबलमीठ मामी म्हणू लागली. तूही ओ द्यायचीस. लोकांना वाटायचं, तुला ते नाव आवडतं.

मला माहीत होतं तुझं काय झालंय ते. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी तू साध्या वरणात मीठ टाकलंस आणि थांबलीस. टाकलं की टाकायचं आहे? चिमटीकडे बघत उभी राहिलीस. मग वाटीत दोन थेंब घेऊन माझ्याकडे आलीस, माझा तळहात उघडलास, त्यावर वरण टाकलंस. नैवेद्य-उष्टं हा नियम तू त्या दिवशी मोडलास, आणि आईनं पाहूनही काही म्हटलं नाही.

"मीठ पाहता काय जरा?"

"बरोबर आहे."

तेव्हापासून रोज. सकाळ-संध्याकाळ. माझा तळहात तुझी मोजपट्टी झाला. आणि काही दिवसांनी तू ती झाकणाची युक्ती काढलीस. मीठ टाकलं की बरणीचं झाकण उलटं ठेवायचं. म्हणजे दुसऱ्यांदा हात गेला तर झाकणच सांगेल, बाई, टाकून झालं आहे. जेवायच्या आधी मी तळहातावरचं चाखून "बरोबर आहे" म्हणालो की तू झाकण सरळ करायचीस. ज्या बाईच्या हाताला माप होतं, तिला झाकणाचा आधार लागला. आणि चाखून निवाडा देणारा मी. मला त्या मानाची सवय झाली, हे त्याहून वाईट. कधी कधी मुद्दाम थांबून, डोळे मिटून "जरासं कमी" म्हणायचो.

सणावाराला, पाहुण्यांना तू पत्ताकोबी कधीच केली नाहीस. ती फक्त आपल्या घरातली भाजी झाली.

सांगायची संधी मला मिळाली नाही, असं नाही. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी आपण भिवापूरला गेलो होतो. अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या. मंदाच्या नवऱ्यानं तिथेही ते नाव नेलं होतं, तुझे वडील ऐकून हसले होते. पण मला एकट्याला गाठून, मिरच्या हातानं वरखाली करत ते म्हणाले, "जावईबापू, त्या हाताले माप होतं. काय झालं गा तिले?"

मी म्हणालो, "होतं कधी कधी."

ते बराच वेळ मिरच्याच हलवत राहिले. त्यांच्या मनात काय आलं असेल, त्याचा मी आजही विचार करतो. त्यांना वाटलं असेल, सासरी पोरीच्या मनावर काही दडपण आहे. तिनं सांगितलं नाही, जावयानंही नाही. ते तसेच गेले.

आणि गेल्या वर्षी डॉक्टरांकडे. तू दोनदा गॅस सुरू ठेवून आली होतीस, एकदा बँकेतून चष्मा न घेता. वयात होतं असं. वर्षा हट्टानं घेऊन गेली. डॉक्टर तरुण होते, नीट बसवून विचारत होते. विसरणं कधीपासून आहे?

तू हसून म्हणालीस, "चव्वेचाळीस वर्षं झाली, डॉक्टरसाहेब. माह्या नणंदेच्या साखरपुड्याले मी भाजीत दोनदा मीठ टाकलं होतं. तेव्हापासूनच मी अशी."

डॉक्टर हसले. वर्षा हसली. मीही हसलो.

ते हसणं मला आता बसू देत नाही. तू ते गमतीत म्हणालीस, पण माझ्याकडे बघून, जणू साक्षीला. तुला खरंच वाटत होतं की तुझ्या डोक्यात तेव्हापासून काहीतरी ढिलं आहे. तुझं डोकं ठीक होतं. मी एका वाक्यात ते सिद्ध करू शकत होतो, आणि त्या खोलीत तेच विचारलं जात होतं. मी खुर्चीवर हलून बसलो आणि पाण्याचा ग्लास तुझ्याकडे सरकवला.

तुला माहीत होतं का? हे मी रोज उलटसुलट करून बघतो. वर्षाला स्वयंपाक शिकवताना तू म्हणायचीस, "पत्ताकोबीचा ढीग पाहून घाबरायचं नाही आणि ढीग पाहून मीठ टाकायचं नाही. ढीग खोटा राह्यते. बसला की मग त्याची खरी मात्रा दिसते." हे म्हणताना तू माझ्याकडे बघायचीस का? मी आठवायचा प्रयत्न करतो. मला तुझी पाठ दिसते. एखाद्या दिवशी वाटतं, तुला कळलं होतं आणि तू मी कधी सांगतो याची वाट बघत होतीस. दुसऱ्या दिवशी वाटतं, कळलं असतं तर तू रोज माझा तळहात उघडला नसतास. दोन्हींपैकी कुठलं खरं असावं असं मला वाटतं, तेही ठरत नाही.

त्या सकाळी तू पत्ताकोबीच केली होतीस. त्या तोफेचीच उरलेली अर्धी. मी बाहेर पेपर वाचत होतो. आतून तुझा आवाज आला.

"मीठ पाहता काय जरा?"

"एवढं पान होऊ दे."

पान होण्याआधी सराटा पडल्याचा आवाज आला. पुढचं तुला माहीत आहे, किंवा नाही. अँब्युलन्स, वर्षा, दवाखाना. दुपारी आपण घरी आलो, म्हणजे तुला आणलं. शेजारच्या वहिनी स्वयंपाकघर आवरत होत्या. कढई उचलून त्या बाहेर टाकायला निघाल्या होत्या, घरात आता चूल नको म्हणून. मी त्यांना थांबवलं. सगळे तुझ्यापाशी बसले होते आणि मी स्वयंपाकघरात उभा राहून, तळहातावर घेऊन, ती थंड भाजी चाखली. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. बरणीकडे पाहिलं. झाकण उलटं होतं.

इथवर लिहून चार दिवस झाले. मंदाला मी काल सांगितलं. मौद्याहून ती मला जेवू घालायला येते, दर बुधवारी. येताना तिनं गड्डा आणला होता. "तुले आवडते म्हणून," म्हणाली. चपटा होता. मी म्हणालो, मी करतो. ती हसली, "तू?" मी विळीवर बसू शकत नाही म्हणून चाकूनं चिरली, जाडजूड. कढईत टाकली. ढीग काठापर्यंत आला. मी झाकणी ठेवली, झाकणीत पाणी घातलं आणि तिथेच उभं राहून तिला सगळं सांगितलं. लाकडं मागे ओढल्यापासून दह्यापर्यंत.

सांगून झाल्यावर ती म्हणाली, "दादा, तू मले पंचेचाळीस वर्षं खोटं बोलाले लावलं."

"हो."

"मी तिले दवाखान्यातही तेच म्हणलं होतं. मागच्या महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. काय वं डबलमीठ, दिसून राहिलं काय आता. ती हसली होती." ती ओट्याला टेकून उभी राहिली. "काहून नाही सांगितलं गा तू? सासऱ्यायनं काय केलं असतं? दोन दिवस हसले असते तुले. दोन दिवस."

"दोन दिवस हसले असते म्हणूनच."

"अन् तिले आयुष्यभर हसले ते."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि एकदम खेकसली, "झाकणी काढ. पाणी आटलं असन."

काढली. ढीग बसला होता. काठापर्यंतची कढई एक तृतीयांशावर आली होती. पंचेचाळीस वर्षांनी मी ते पहिल्यांदा नीट उभं राहून बघितलं.

"मीठ टाकलं काय?" मंदानं विचारलं.

आणि मला आठवेना. बोलता बोलता टाकलं होतं की नाही. चिमटीकडे बघितलं, तिच्यावर काही नव्हतं. तू रोज दोनदा अशीच उभी राहत असशील. बरणीकडे पाहून काही कळत नव्हतं. तिचं झाकण तुझ्या त्या सकाळपासून उलटंच आहे, ते फक्त तुझ्या मिठाची साक्ष देणार.

"चाखून पाह्य ना," मंदा म्हणाली. "देवाले थोडीच दाखवायची आहे."

चाखली. अळणी होती. मी एक चिमूट टाकली, हलवली, पुन्हा तळहातावर घेतली, आणखी अर्धी चिमूट. एवढंच करायचं होतं तेव्हाही. देवाच्या धाकानं चाखलं नाही आणि माणसांच्या धाकानं बोललो नाही. देव बहुधा रागावला नसता.

आम्ही जेवलो. भाजी बरी झाली होती, जाड चिरल्यामुळे जरा कच्ची. मंदा म्हणाली, "रश्मीले सांगते, माह्यं पान काढून टाक." मग हात धुताना म्हणाली, "नाही, राहू दे. माह्यं तसंच छाप म्हणा, अन् त्याच्या पुढच्या पानावर तुह्यं. मी काय म्हणत होती तेही लोकायले वाचू दे." जाताना दारात थांबली. "तिले मालूम होतं काय रे?"

"माहीत नाही."

"मलेही वाटते होतं, अन् वाटते नव्हतं," म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

तेव्हा रश्मी, हे पान मंदाच्या पानाच्या लगेच पुढे छाप. मधे कोणाचं नको.

कुसुम, एका गोष्टीचं उत्तर तुला द्यायचं राहिलं आहे. त्या सकाळी तू विचारलंस, आणि मी पेपरचं पान म्हणालो. मी नंतर चाखली. थंड होती, डाळ जरा जास्त शिजली होती, मीठ बरोबर होतं. नेहमी असायचं तसं. पंचेचाळीस वर्षं मी तळहातावर घेऊन जे "बरोबर आहे" म्हणत आलो, त्यात माझ्या जिभेचं काही नव्हतं. माप तुझ्या हातातच होतं. डोळे मिटून "जरासं कमी" म्हणायचो तेव्हा मी खोटं बोलायचो.

तू "बरोबर आहे" ऐकल्याशिवाय झाकण सरळ करायची नाहीस, म्हणून ते तसं राहिलं होतं. आता करतो.

साखरपुड्यालाही तुझं मीठ बरोबर होतं, कुसुम. जास्तीचं होतं ते माझं.